महिला उंच उडी: दोघीही २.००, मग सुवर्ण एकीलाच का? (नियम, वळणाची धाव, गादी, दांडी, सगळं इथंच)

करवीर_फिल्ड

टोकियोची २०२५ ची जागतिक स्पर्धा झाल्यापासून आपल्या ग्रुपवर तोच प्रश्न फिरून फिरून येतोय, म्हणून स्वतंत्र धागा काढतोय. निकोला ओलिस्लागर्स २.००, मारिया झोजिक २.००. एकीला सुवर्ण, दुसरीला रौप्य. आणि खाली १.९७ वर यारोस्लावा माहुचिख आणि अँजेलिना टोपिच या दोघींना मिळून कांस्य. वर बरोबरी फोडली, खाली तशीच ठेवली. बघणाऱ्याला वाटतं पंचांनी मनाला येईल तसं केलं.

तसं काही नाही. पॅरिस ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीतही (४ ऑगस्ट २०२४) हेच झालं होतं: माहुचिख २.०० सुवर्ण, ओलिस्लागर्स २.०० रौप्य, आणि १.९५ वर इरिना गेराश्चेंको व एलेनॉर पॅटरसन यांना विभागून कांस्य. २०२२ ला यूजीनमध्ये पॅटरसन आणि माहुचिख दोघी २.०२, तिथं सुवर्ण पॅटरसनला. २०२३ ला बुडापेस्टमध्ये पॅटरसन आणि ओलिस्लागर्स दोघी १.९९, रौप्य एकीला, कांस्य दुसरीला.

म्हणजे ओळीनं चार मोठ्या स्पर्धांत कुठलं ना कुठलं पदक 'किती उंच' यावर ठरलेलंच नाही. 'कितीदा पाडली' यावर ठरलंय. आपल्याकडं पोरींना शिकवताना वरच्या उंचीचंच कौतुक चालतं, खालच्या उंचीवरची फुकट गेलेली उडी कुणी मोजत नाही. तालुका-जिल्ह्याच्या स्पर्धा तोंडावर आहेत. स्कोअरशीट लिहिणारे, शिकवणारे, सामान बनवणारे, सगळ्यांनी लिहा. आकड्यासकट लिहा, नुसतं 'लई भारी' नको.

स्कोअरशीट

बरोबरी फोडायच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत आणि क्रम बदलता येत नाही.

आधी बघायचं: जी शेवटची उंची दोघींनी पार केली, त्या उंचीवर कुणाच्या चुका कमी. तरी बरोबरी असेल तर सुरुवातीपासून त्या उंचीपर्यंतच्या एकूण चुका. त्यानंतरही बरोबरी, आणि ती पहिल्या क्रमांकाची असेल, तरच जंप-ऑफ, म्हणजे निकालासाठी जादा उडी. दुसऱ्या-तिसऱ्या जागेला जंप-ऑफ नसतो, तिथं पदक विभागून. पॅरिस आणि टोकियोतली दोन-दोन कांस्यं त्यातूनच आली.

शाळेच्या पातळीवरचं उदाहरण घेऊ. ○ पार, × चूक, – पास (ती उंची न मारता पुढच्या उंचीला जाणं).

अ: १.३० ○, १.३५ ○, १.४० ×○, १.४३ ○, १.४५ ×××
ब: १.३० –, १.३५ ○, १.४० ○, १.४३ ×○, १.४५ ×××
क: १.३० ×○, १.३५ ○, १.४० ×○, १.४३ ○, १.४५ ×××

तिघींची उंची १.४३. आता १.४३ वर अ शून्य चुका, क शून्य, ब एक. ब इथंच तिसरी झाली. तिच्या एकूण चुका अ इतक्याच, म्हणजे एकच, आणि क पेक्षा कमी. पण ते बघायची पाळीच येत नाही. अ आणि क मध्ये एकूण चुका एक विरुद्ध दोन, अ पहिली. १.४५ वरचे तीन क्रॉस कुणाच्याच खात्यात धरायचे नाहीत. कागदावर सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो: शेवटचे तीन क्रॉससुद्धा बेरजेत घेतले जातात. तिघींचे तीन-तीन असतील तर फरक पडत नाही, पण एखादी एक चूक करून दुखापतीमुळं बाहेर पडली की निकाल उलटा लागतो.

जंप-ऑफ कसा: बरोबरीतल्यांनी पार केलेल्या शेवटच्या उंचीच्या पुढच्या उंचीपासून सुरू. प्रत्येकीला एकच उडी. दोघी पडल्या तर दांडी २ सेंमी खाली, दोघी गेल्या तर २ सेंमी वर. एक गेली, एक पडली की संपलं. पॅरिसला पुरुषांत हॅमिश केर आणि शेल्बी मॅकइवन २.३६ वर अडकले होते. २.३८ दोघांची पडली, २.३६ दोघांची पडली, २.३४ केर गेला. आणि खेळाडूंनी पुढं उडी मारायची नाही असं ठरवलं तर पहिला क्रमांक विभागून राहतो. टोकियो ऑलिम्पिकचे बार्शिम आणि ताम्बेरी, २.३७, आठवत असतीलच.

आणखी एक. 'एका उंचीवर तीन संधी' असं नसतं. सलग तीन चुका झाल्या की बाहेर, मग त्या एका उंचीवर असोत की दोन. १.४३ वर एक चूक करून पास घेतला, तर १.४५ वर दोनच उड्या उरतात.

पेठेतला_गोलकीपर

आम्ही फुटबॉलवाली माणसं, पेनल्टीशिवाय आम्हाला काय कळत न्हाय 😀 पण मग एक विचारतो. पास घेत घेत वर गेलं तर चुका होणारच नाहीत की. मग सगळ्या पोरी पासच का घेत नाहीत?

दांडी_शिल्लक

भावा, पास फुकटचा नसतो. पार केलेली उंचीच खात्यात जमा होते. १.३५ पास, १.४० पास, आणि १.४३ वर तीनदा पडली तर तिच्या नावावर काहीच नाही, निकालात उंचीच नाही.

सुरुवात कुठून करायची याचा सरावातला हिशोब असा: स्वतःच्या सर्वोत्तम उंचीच्या १० ते १५ सेंमी खालून. १.४५ वाली पोरगी १.३० किंवा १.३५ ला उतरते. अख्ख्या स्पर्धेत सहा ते नऊ उड्या व्हाव्यात. त्याच्यावर गेलं की टाच आणि मांडी जड होते, शेवटच्या उड्यांना जोर उरत नाही. फार खालून सुरू केलं तर आणखी एक त्रास होतो: १.१५ वर धाव आपोआप संथ होते, खुणा चुकतात, आणि मग १.३५ ला नीट वेगात आल्यावर टेक-ऑफ (उडीसाठी शेवटचा पाय रोवायची जागा) दांडीच्या जवळ पडतो.

मधला पास कधी घ्यावा? पदकाची गणितं सुरू झाल्यावर. समजा प्रतिस्पर्धी १.४३ पहिल्या उडीत गेली आणि आपली एकदा पडली. आता आपली दुसऱ्या उडीत १.४३ गेली तरी त्या उंचीवर मागंच राहते. अशा वेळी १.४५ ला दोन उड्या ठेवून पास घेणं हा जुगार आहे, पण हिशोबातला. मात्र तीन पदकं असलेल्या स्पर्धेत तिसऱ्या जागेवर बसलेल्या पोरीला हा जुगार खेळायला लावू नये.

वेळेचंही सांगून ठेवते, कारण शाळेच्या स्पर्धेत घड्याळच नसतं आणि मोठ्या स्पर्धेत गेल्यावर पोरी बिथरतात. तीनपेक्षा जास्त खेळाडू असतील तर १ मिनिट. दोन किंवा तीन उरल्या की दीड मिनिट. एकटीच उरली तर ३ मिनिटं. एकीच्याच लागोपाठ दोन उड्या आल्या तर २ मिनिटं. सरावात मोबाईलवर एक मिनिट लावून उडी मारायला लावा.

रंकाळा_चौपाटी

गंमत म्हणून सांगतो. रिओ २०१६ ला महिला उंच उडीचं सुवर्ण रूथ बेइतियानं १.९७ वर घेतलं, वय ३७. त्याच ऑलिम्पिकात हेप्टॅथलॉनमध्ये नफिसातू थियाम आणि कॅटरिना जॉन्सन-थॉम्प्सन दोघी १.९८ गेल्या होत्या. सात प्रकार खेळणाऱ्या पोरी एकाच प्रकारवालीपेक्षा वर!

वळणावर

निकालाचं झालं, आता उडीकडं या. सगळे टेक-ऑफबद्दल बोलतात, पण फ्लॉपमधली (पाठ दांडीकडं करून मारायच्या उडीतली) उंची शेवटच्या पाच पावलांच्या वळणात तयार होते.

आधी किती उसळी लागते ते बघा. माहुचिखची उंची १.८० च्या आसपास. टेक-ऑफला पाय जमीन सोडतो तेव्हा शरीराचा गुरुत्वमध्य साधारण सव्वा मीटरवर असतो. २.०० साठी तो पाऊण मीटर ते ८० सेंमी वर न्यायचा, म्हणजे जमीन सोडताना उभ्या दिशेचा वेग सेकंदाला ३.९ मीटरच्या जवळ लागतो. पाय जमिनीवर किती वेळ? ०.१५ सेकंदाच्या आसपास. एवढ्या वेळात तो वेग मिळवायचा तर सरासरी जोर वजनाच्या साडेतीन पटीवर जातो, आणि टोकाचा त्याच्याही वर. तेवढा जोर नुसत्या पायाच्या ताकदीनं येत नाही. आडवा वेग आणून, पाय टाचेवर रोवून, तो वेग वर वळवावा लागतो.

वळण इथं कामाला येतं. वळणावर पळताना शरीर आतल्या बाजूला, म्हणजे दांडीपासून दूर, झुकतं. त्या झुकावानं गुरुत्वमध्य खाली राहतो, आणि टेक-ऑफला शरीर उभं होता होता त्याला वर जायला जास्त अंतर मिळतं. शिवाय त्या फिरण्यातूनच पाठ दांडीकडं येते. अंगाला मुद्दाम पीळ द्यायची गरज नाही.

किती झुकायचं हे वेग आणि वळणाची त्रिज्या यांवर ठरतं: वेगाचा वर्ग भागिले (९.८ गुणिले त्रिज्या), हा झुकावाच्या कोनाचा टॅन. सेकंदाला ७ मीटर वेगानं ९ मीटर त्रिज्येवर पळणारीचा झुकाव २९ अंश येतो. आता आपली नववीतली पोरगी घ्या, वेग ५ मीटर. तिनं व्हिडिओ बघून तेच ९ मीटरचं वळण घेतलं तर झुकाव जेमतेम १६ अंश. म्हणजे ती जवळजवळ सरळच पळत येते आणि शेवटच्या पावलाला दांडीवर कलते. तिला ५ मीटर त्रिज्या द्या, झुकाव २७ अंशांवर जातो. व्हिडिओतल्या खुणा पोरींना जशाच्या तशा देऊ नका, एवढ्यासाठी हे गणित मांडलं.

खुणा टाकायची पद्धत, दहा पावलांच्या धावेसाठी, डाव्या पायावर उडणारीला (ती उजवीकडून येते): जवळच्या खांबापासून दांडीच्याच रेषेत बाहेर ३ ते ४ मीटर मोजा. तिथून काटकोनात मागं ७ ते ८.५ मीटरवर पहिली खूण, वळण इथून सुरू. त्याच रेषेत आणखी मागं, खांबाच्या रेषेपासून एकूण १५ ते १८ मीटरवर दुसरी खूण, धाव इथून सुरू. पाच पावलं सरळ, पाच वळणावर. छोट्या पोरींना आठ पावलं पुरतात, तीन सरळ आणि पाच वळणावर. दोन खुणा लावायची परवानगी आहे. आयोजकांनी खुणा दिल्या नाहीत तर चिकटपट्टी चालते, खडू चालत नाही. आपल्याकडं सर्रास चुन्यानं रेघ मारतात, ते बंद करा.

शेवटच्या दोन पावलांचं: शेवटून दुसरं पाऊल थोडं लांब, कंबर जरा खाली, शेवटचं आखूड आणि झटपट. टेक-ऑफचा पाय दांडीपासून ६० ते ९० सेंमीवर, जवळच्या खांबापासून साधारण एक मीटर आत.

मुरमाचं_मैदान

वळणावर सर, खुणा तुम्ही सांगता तशाच टाकल्यात. तरी एक पोरगी दरवेळी दांडीतच शिरते. खांदा लागतो. दुसरी छान वर जाते पण बसल्यासारखी येऊन ढुंगणानं पाडते. तिसरी गादीच्या पार टोकाला, कोपऱ्यात पडते, तिची भीतीच वाटते. तिघींना एकच सांगून चालणार नाही ना?

वळणावर

नाही. दांडीला शरीराचा कुठला भाग लागतो आणि पोरगी गादीवर कुठं पडते, यावरून चूक ओळखायची.

पहिली, खांदावाली. दोन कारणं असू शकतात. एकतर टेक-ऑफ दांडीच्या फार जवळ, म्हणजे वर चढतानाच लागते. नाहीतर शेवटच्या दोन पावलांत वळण सोडून ती सरळ दांडीकडं वळते. ओळखायला तिच्या मागं, वळण जिथं सुरू होतं तिथं उभं राहून मोबाईलवर चित्रण करा. शेवटून दुसऱ्या पावलाला आतला खांदा खाली असला पाहिजे. दोन्ही खांदे एका पातळीत आले असतील तर वळण आधीच संपलंय. उपाय: दांडी काढून टाका, आणि वळणावरून येऊन नुसतं टेक-ऑफ करून गादीवर पायावर उतरायला लावा, कात्रीसारखं, आधी एक पाय मग दुसरा. दांडी नसली की पोरी वळण पूर्ण करतात.

दुसरी, बसणारी. तिची मान आधी वर येते. दांडीवर असताना 'गेले का?' म्हणून बघायला हनुवटी छातीला लावली की कंबर खाली जाते. कंबर दांडीपलीकडं जाईपर्यंत डोकं मागंच, टाचा नितंबाखाली ओढलेल्या. कंबर गेल्यावर मग हनुवटी छातीला आणि पाय झटकून सरळ. हे तिला गादीसमोर उभं करून, गादीकडं पाठ करून, दोन पायांवर मागं उडी मारून शिकवा. टेक-ऑफ लांब पडत असेल तरी अशीच पाडते, कारण शरीर दांडीच्या अलीकडंच सर्वांत वर जाऊन खाली यायला लागतं. तो फरक कडेनं काढलेल्या चित्रणात दिसतो.

तिसरी सगळ्यात धोक्याची. ती दांडीच्या कडेकडेनं वाहत जाते, कारण तिचं वळण फार उघडं आहे आणि ती दांडीला जवळजवळ समांतर येते. सुरुवातीची खूण अर्धा मीटर आत सरकवा, म्हणजे शेवटचा कोन सुधारेल. तोवर दांडी वर नेऊ नका, आणि पलीकडच्या कोपऱ्याला जादा गादी लावा.

टेक-ऑफच्या पावलाचं टोक कुठं बघतंय तेही तपासा. ते गादीच्या पलीकडच्या कोपऱ्याकडं हवं. दांडीला समांतर पडलं, तर शरीर एकीकडं आणि पाऊल दुसरीकडं, सगळा जोर घोट्याच्या आतल्या बाजूला. उंच उडीतले बरेच घोटे इथंच जातात, आणि लोक बुटाला दोष देतात.

उद्यमनगर_फिटर

दांडी-खांबांबद्दल कुणी बोलेना म्हणून लिहितो. स्टँड बनवून घेणाऱ्या शाळा नेहमी एकच ड्रॉइंग घेऊन येतात, त्यात चुका त्याच त्या.

दोन खांबांमधलं अंतर ४.०० ते ४.०४ मीटर. दांडी ४ मीटर (२ सेंमी इकडं-तिकडं), गोल, ३० मिमी जाडी, वजन २ किलोच्या आत. दांडी ज्यावर टेकते तो आधार सपाट, ४० मिमी रुंद आणि ६० मिमी लांब, आणि त्याचं तोंड समोरच्या खांबाकडं. दांडीचं टोक आणि खांब यात दोन्हीकडं निदान १० मिमी फट. ही फट ठेवली नाही तर दांडी खांबाला घासून अडकते, आणि धक्का लागूनही पडत नाही. आधारावर रबर, सायकलचा ट्यूब, चिकटपट्टी, काही नको. नियमात चालत नाही. आधाराला खाच पाडणं किंवा पुढं खिळा ठेवणं तर अजिबात नको. दांडी पुढं आणि मागं दोन्हीकडं सहज पडली पाहिजे. खाचेत अडकलेल्या दांडीवर पाठ पडली तर मणक्याला लागतं.

लोखंडी पाइप दांडी म्हणून कधीच वापरू नका, जीआयचा तर नकोच. फायबरची आणा. दांडी मधे झोळ किती घेते तेही बघा: नुसती ठेवल्यावर २ सेंमीपेक्षा जास्त नको, आणि मधोमध ३ किलो वजन लटकवलं तर ७ सेंमीपेक्षा जास्त वाकायला नको. उन्हात आडवी टाकून ठेवलेल्या दांडीला कायमचा बाक येतो. टोकाच्या तुकड्यावर पेननं एक खूण करा आणि दरवेळी तीच बाजू वर ठेवा, नाहीतर बाक एकदा वर, एकदा खाली येऊन उंची सेंटिमीटरनं बदलते.

माप दांडीच्या मधोमध घ्यायचं, जमिनीपासून वरच्या कडेच्या सर्वात खालच्या बिंदूपर्यंत, पूर्ण सेंटिमीटरमध्ये. खांबावरचे आकडे फक्त अंदाजाला. खांबाखालची जमीन आणि दांडीखालची जमीन एका पातळीत असेलच असं नाही, मुरमाच्या मैदानात तर नसतेच.

स्कोअरशीट

फिटरदादांच्या दांडी पडण्याच्या मुद्द्याला जोडून: उडी मारून झाल्यावर वाऱ्यानं दांडी पडली तर चूक नाही. खेळाडूचा धक्का लागून ती हलत राहिली आणि मग पडली तर चूक. आणि दांडीला हात न लावता तिच्या खालून किंवा कडेनं गादीला स्पर्श केला तरी चूक, अपवाद फक्त पंचाला त्यात काहीच फायदा दिसला नाही तर. उडी एकाच पायावरून, एवढीच शैलीची अट. रोझमेरी अकरमान २६ ऑगस्ट १९७७ ला बर्लिनमध्ये २.०० पार करणारी पहिली महिला ठरली, तीही स्ट्रॅडलनं, पोट दांडीकडं ठेवून.

गादीचा_हिशोब

फ्लॉप शिकवायचा म्हणजे आधी गादी. मोठ्या स्पर्धेत ती ६ मीटर रुंद, ४ मीटर खोल, ७० सेंमी उंच यापेक्षा लहान नसते. तेवढं परवडत नसेल तर लहान गाद्या जोडा, पण जोडावर पाय किंवा कोपर खाली जातं. त्यासाठी सगळ्यांवरून एकच जाड आच्छादन पट्ट्यांनी आवळून बांधा. पट्टे दर सत्राआधी ओढून बघायचे. गादी आणि खांब यात निदान १० सेंमी अंतर ठेवा, म्हणजे गादी सरकून खांबाला ढकलणार नाही आणि दांडी आपोआप पडणार नाही.

आपल्याकडची खरी अडचण पाऊस. जून ते सप्टेंबर गादी बाहेर राहिली की फोम पाणी धरतो, मग ती हलत नाही, वाळत नाही, आतून कुजते, आणि मधला भाग बसतो. बसलेली गादी वरून चांगली दिसते. ओळखायचं असं: मधोमध गुडघा टेकून पूर्ण वजन टाका, खाली कडक लागलं तर ती फ्लॉपला बाद, कात्रीला ठेवा. गादीखाली लाकडी किंवा लोखंडी जाळीचे १० सेंमीचे ठोकळे द्या, खालून वारा फिरला पाहिजे. ताडपत्री थेट गादीवर घट्ट बांधू नका, आत घाम धरतो; वर पत्र्याचं सरकतं छप्पर असेल तर उत्तम. बाजूच्या जाळीच्या झडपा शिवून बंद करू नका, पडल्यावर हवा तिथूनच बाहेर जाते. बंद केल्या की गादी चेंडूसारखी उसळी देते.

पेठेतला_गोलकीपर

आणि गादीच नसली तर? वाळूत चालतंय का?

दांडी_शिल्लक

वाळूत फ्लॉप नाही म्हणजे नाही. मान जाते. वाळूत कात्री उडी, पायावर उतरायची. १९६८ ला मेक्सिकोत डिक फॉसबरीनं पाठीवरून उडी मारून सुवर्ण घेतलं ते मऊ गादी आली होती म्हणून.

पण वाळू आहे म्हणून पोरगी मागं पडते असंही नाही. कात्रीत वळण, झुकाव, शेवटची दोन पावलं, गुडघ्याचा झटका, सगळं तयार होतं. क्रम असा ठेवा: आधी जमिनीवर गोलात पळणं, ५-६ मीटर त्रिज्या, दोन्ही दिशांनी. मग तीन पावलांची कात्री, मग पाच, मग आठ. चांगल्या कात्रीत पोरगी आपल्या फ्लॉपच्या १५-२० सेंमी खालपर्यंत जाते. गादी मिळेल तिथं आठवड्यातून एकदा नेऊन उभ्यानं मागं उडी, मग तीन पावलांचा फ्लॉप. पडताना खांद्याच्या पात्यांवर, हनुवटी छातीला, गुडघे एकमेकांपासून लांब; जवळ ठेवले तर स्वतःचाच गुडघा तोंडावर बसतो. एका सत्रात २०-२५ पेक्षा जास्त उड्या नको, पूर्ण धावेच्या तर १०-१२ पुरे.

हरियाणाची पूजा सिंह बांबूची दांडी आणि पेंढा भरलेल्या पोत्यांवर सुरुवात करून मे २०२५ मध्ये गुमीला आशियाई स्पर्धेत १.८९ वर सुवर्ण घेऊन आली. भारताला या प्रकारात ते सुवर्ण २००० मधल्या बॉबी अलॉयशसनंतर मिळालं. साहना कुमारीनं २०१२ ला १.९२ चा राष्ट्रीय विक्रम केला, त्याआधीचा बॉबीचा १.९१. पॅरिससाठी थेट प्रवेशाची उंची १.९७ होती. पाच-आठ सेंमी ऐकायला थोडं वाटतं, या उंचीवर ती बरीच वर्षं खाते. पुरुषांत आपला नाशिककडचा सर्वेश कुशारे टोकियोच्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत २.२८ घेऊन सहावा आला, म्हणजे महाराष्ट्रात शिकवणारी माणसं नाहीत असं कुणी म्हणू नये.

मुरमाचं_मैदान

शेवटचं एक. टोकियोच्या महिला फायनलला पाऊस आला आणि उड्या मधेच थांबवाव्या लागल्या. आपल्याकडं जिल्ह्याच्या स्पर्धा पावसाळ्यातच येतात. ओल्या मैदानावर काय करायचं?

करवीर_फिल्ड

सिंथेटिकवर उंच उडीला १२ मिमीपर्यंत खिळे चालतात, बाकीच्या बहुतेक प्रकारांना ९. उंच उडीच्या बुटाला टाचेतही खिळे असतात, कारण पाय टाचेवर रोवला जातो. साध्या धावण्याच्या स्पाइक्सना टाचेत काही नसतं, त्या ओल्यात सरळ घसरतात. त्यापेक्षा चांगली पकड असलेले साधे बूट बरे. मुरमावर २५ मिमीपर्यंत खिळे चालतात, पण चिखल भरला की त्यांचा उपयोग शून्य. प्रत्येक उडीआधी काडीनं तळवा साफ करायला लावा.

वळणावर पाणी साचतं ते शेवटच्या तीन पावलांच्या जागी, कारण सगळ्यांनी तिथंच खड्डा पाडलेला असतो. स्पर्धेआधी तो भाग भरून रोलर फिरवा, वर बारीक कोरडा मुरूम टाका, आणि फडकी, खराटा, बादली पंचाच्या टेबलाखाली ठेवा. पाणी उभं असेल तर थांबवायचं, मुख्य पंचाला तो अधिकार आहे. पुन्हा सुरू करताना राहिलेल्यांना दोन-तीन धावा करू द्या, दांडीशिवाय. ओल्यात वेग कमी होतो, म्हणून सुरुवातीची खूण २०-३० सेंमी पुढं घ्यायची. वळणाची खूण मात्र जागची हलवू नका.

दांडी पुसायचंही लक्षात ठेवा. ओली दांडी आधारावरून लवकर घसरते, आणि दोन्ही आधार पुसल्याशिवाय नुसती दांडी पुसून काही होत नाही.